स्वादुपिंडाचीं चित्रें आणि यंत्राची परीक्षा



शिवडी स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या बाजूनें परळकडे निघालें म्हणजे जेरबाई वाडिया रस्त्यावर क्षयरोगाचें मोठें रुग्णालय लागतें. तेथून थोड्याच अंतरावर, ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आणि १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. रुग्णालय हीं आहेत. आम्हां या भागांत राहणाऱ्यांना एक दृश्य नित्याचें झालें आहे. परगांवाहून आलेला माणूस, त्याच्या हातीं एक मोठें पाकीट, आणि त्या पाकिटांत घरच्या कोणाच्या तरी पोटाचीं वा छातीचीं चित्रें. तें पाकीट तो जमिनीच्या दस्तऐवजासारखें जपत असतो. कारण त्यांत काय निघतें यावर त्या घराचें पुढचें सारें अवलंबून असतें.

हीं चित्रें वाचण्याचें काम आजवर डॉक्टर करीत आले. आतां त्या कामीं संगणक मदतीस येऊं पाहत आहे. यंत्रानें कर्करोग ओळखला, शंभरांत पंचाण्णव उत्तरें बरोबर आलीं, अशा आशयाच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतां. त्यामागील संशोधनाचा कस कसा पाहावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि उदाहरणादाखल मीं स्वादुपिंड हा अवयव घेतला आहे. मी वैद्य नव्हें. माझें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. परंतु प्रश्न मुळांत परीक्षेचाच असल्यामुळें शाळामास्तरानें त्याविषयीं चार शब्द बोलावयास हरकत नसावी.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागें, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली, सुमारें पंधरा सेंटिमीटर लांबीची ग्रंथि. ती अन्न पचविणारा रस आंतड्यांत सोडते आणि इन्सुलिन रक्तांत सोडते. तिचें डोकें लहान आंतड्याच्या पहिल्या वळणांत बसलेलें असतें, आणि पित्त वाहून नेणारी नळी त्या डोक्यांतून जाते. म्हणून डोक्याकडे गांठ झाली तर नळी दाबली जाऊन कावीळ होते व रोगाचा सुगावा लागतो; पण मधल्या भागांत किंवा शेपटाकडे झालेली गांठ पुष्कळ दिवस कसलीच खूण दाखवीत नाहीं. रोग कळतो तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. या अवयवाचें चित्र लवकर आणि अचूक वाचतां येणें किती मोलाचें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

रंटगेन यांना १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला. परंतु साध्या क्ष-किरणचित्रांत स्वादुपिंड दिसत नाहीं. १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें, आणि सी. टी. स्कॅनचें युग सुरू झालें. या चित्राची मौज अशी कीं, तें वस्तुतः आंकड्यांचा तक्ता असतें. पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार, अशा मोजपट्टीवर शरीरांतील प्रत्येक कणभर जागेला एक आंकडा मिळतो. आंकडे आले म्हणजे गणित आलेंच. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या छटांमध्यें जे बारीक भेद असतील ते गणितानें काढावे, या कल्पनेंतून जी विद्या निघाली तिला २०१२ पासून ‘रेडिओमिक्स’ असें नांव रूढ झालें. तिच्यांतील कांहीं सूत्रें त्याहून पुष्कळ जुनीं आहेत. हॅरलिक, षण्मुगम् आणि दिनस्टाइन यांनीं तीं १९७३ सालीं मांडलीं, आणि त्यांचे प्रयोग झाले वालुकाश्माच्या सूक्ष्मचित्रांवर व आकाशांतून घेतलेल्या जमिनीच्या छायाचित्रांवर. दगडाचा पोत ओळखणारें गणित आज स्वादुपिंडाचा पोत तपासूं लागलें आहे.

यांत अडचण कोठें येते तें आतां पाहूं. एका गांठीच्या चित्रांतून अशीं मापें शेंकड्यांनीं निघतात, कधीं हजारावरही जातात. रुग्ण मात्र पुष्कळ अभ्यासांत शंभर-दोनशेंच असतात. समजा, एक हजार मापें घेतलीं आणि त्यांतील एकाचाही रोगाशीं कांहीं संबंध नाहीं. तरी विसांत एक इतका योगायोग चालवून घेणारी जी रूढ कसोटी आहे, तिच्यावर पन्नासेक मापें निव्वळ दैवयोगानें रोगाशीं संबंधित ठरतील. त्यांतील निवडक दहा घेऊन सूत्र बांधलें, तर तें त्याच रुग्णांवर उत्तम चालेल आणि दुसऱ्या गांवच्या रुग्णावर फसेल. अपेक्षित प्रश्नसंचांतील उत्तरें पाठ केलेला मुलगा वर्गाच्या चांचणींत पहिला येतो, आणि बोर्डाच्या परीक्षेंत प्रश्नाची शब्दरचना थोडी बदलली कीं स्वस्थ बसून राहतो. त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट मापांच्या भरंवशाची. त्याच रुग्णाचें चित्र दुसऱ्या यंत्रावर घेतलें, छेद जाड वा पातळ ठेवले, शिरेंतून दिलेलें औषध पसरण्यास कमीअधिक वेळ दिला, तर आंकडे बदलतात. शिवाय गांठीची सीमारेषा बहुधा कोणीतरी हातानें आंखावयाची असते. स्वादुपिंडाची कड भोंवतालच्या चरबींत आणि आंतड्यांत मिसळून गेल्यासारखी दिसते. त्यामुळें दोन जाणत्या डॉक्टरांनीं आंखलेल्या रेषाही तंतोतंत जुळत नाहींत. ज्या मापाला एवढ्या बदलाचा धक्का सोसत नाहीं, त्यावर निदानाची इमारत कशी उभी राहणार?

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जगभरचे संशोधक चित्रांचे कांहीं खुले संग्रह वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संग्रहांत ज्यांच्या स्वादुपिंडांत रोग नाहीं अशांचीं ८२ चित्रें आहेत. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयाच्या संग्रहांत गांठींची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचीं ४२०. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं २०२१ सालीं हे संग्रह बारकाईनें तपासले, तेव्हां कित्येक ठिकाणीं सीमारेषा चुकीच्या आढळल्या, आणि पुष्कळ रुग्णांच्या पित्तनळींत कावीळ उतरविण्यासाठीं घातलेली कृत्रिम नळी चित्रांत स्पष्ट दिसत होती. आतां निरोगी चित्रें पहिल्या संग्रहांतून आणि रोगी दुसऱ्यांतून घेऊन यंत्राला शिकविलें, तर तें काय शिकेल? नळी दिसली कीं कर्करोग म्हणावें, एवढेंच कदाचित् शिकेल. गुण उत्तम पडतील. पण ज्याला अद्याप कावीळ झाली नाहीं, ज्याचा रोग लवकर सांपडावा म्हणून हा सारा खटाटोप, त्याच्या पोटांत तर ती नळी नसणार! छातीच्या चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राविषयीं २०१८ सालीं अमेरिकेंत असाच अनुभव आला. चित्र कोणत्या रुग्णालयांतून आलें हेंच तें यंत्र ओळखूं शकत होतें, आणि परक्या रुग्णालयाच्या चित्रांवर त्याची हुशारी कमी पडली.

हे दोष तज्ज्ञांना ठाऊक नाहींत असें नाहीं. नेदरलँड्समधील लांबां आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं अशा निबंधांसाठीं एक गुणपत्रिकाच तयार केली. तिच्यांत सोळा प्रश्न आणि एकूण ३६ गुण. आधीं योजना नोंदवून मग पुढें येणाऱ्या रुग्णांवर अभ्यास केला तर ७ गुण. आणि ज्या रुग्णांवर सूत्र बांधलें त्यांच्याबाहेर कोणावरही तें तपासलें नाहीं, तर ५ गुण वजा. ही वजाबाकी परीक्षक या नात्यानें मला फार योग्य वाटते. स्वादुपिंडाचा दाह आणि कर्करोग यांवरील निबंध या पत्रिकेवर तपासले गेले, तेव्हां त्यांतील बहुतेकांना निम्मेही गुण पडले नाहींत. निबंधांत छापलेली टक्केवारी मात्र नव्वदीच्या घरांत असते. पहिले गुण विद्यार्थ्यानें स्वतःला दिलेले. दुसरे परक्या परीक्षकानें दिलेले.

खरोखरच शंभरांत पंचाण्णव उत्तरें बरोबर येत असलीं, तरी तेवढ्यानें भागतें काय? हा रोग विरळ आहे. एक लक्ष लोकांत दहा रोगी आहेत असें धरून चालूं. यंत्र त्या दहांपैकीं नऊ-दहा शोधून काढील. परंतु उरलेल्या ९९,९९० निरोगी माणसांपैकीं शेंकडा पांच, म्हणजे सुमारें पांच हजारांना, विनाकारण संशयित ठरवील. त्या पांच हजार घरांतील झोंप, पैसा आणि पुढच्या तपासण्यांचा त्रास कोणत्याच टक्केवारींत धरलेला नसतो.

यावरून ही विद्याच निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. २०२३ सालीं चिनी संशोधकांनीं ‘पांडा’ नांवाची पद्धत प्रसिद्ध केली. एका केंद्रांतील ३,२०८ रुग्णांवर यंत्राला शिकविलें, दहा केंद्रांतील ६,२३९ जणांवर त्याची परीक्षा घेतली, आणि पुढें कोणतीही निवड न करतां ओळीनें आलेल्या २०,५३० जणांवर तें तपासलें. तेथें निरोगी माणसाला संशयित ठरविण्याचें प्रमाण हजारांत एक इतकें खालीं आलें. वरच्या हिशेबांत हें प्रमाण घातलें तर पांच हजारांचे शंभर होतात. श्रम घेऊन केलेली परीक्षा अशी फळास येते.

तरीही तें यंत्र उद्यां परळांत जसेंच्या तसें बसवावें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. आपल्या देशांत, विशेषतः केरळांत, स्वादुपिंडाच्या जुनाट दाहानें ग्रंथींत खडे होण्याचा विकार फार काळापासून ठाऊक आहे. असे खडे, आकसलेली ग्रंथि आणि त्यांच्या आड दडलेली गांठ, यांचा उलगडा परदेशीं शिकलेल्या यंत्राला करतां येतो कीं नाहीं, हें आपल्याच रुग्णांवर पाहावें लागेल. टाटा स्मारक रुग्णालयानें इतर संस्थांच्या साह्यानें कर्करोगाच्या चित्रांचा संग्रह उभारण्यास आरंभ केला आहे. तो डोकें, मान आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांपासून. २०१२ पासून देशांतील कर्करोग रुग्णालयांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड ही संघटनाही येथूनच चालते. एका रुग्णालयांत शिकवावें आणि दहा रुग्णालयांत परीक्षा घ्यावी, अशी सोय आपल्याकडे आहे. स्वादुपिंडासाठीं तिचा उपयोग झाला पाहिजे.

सुशिक्षित गृहस्थांनीं आणि भगिनींनीं अशी बातमी वाचली म्हणजे तीन प्रश्न विचारावे. यंत्र किती रुग्णांवर शिकलें? ज्यांना त्यानें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें, अशा परक्या रुग्णालयांतील रुग्णांवर तें तपासलें काय? आणि निरोगी माणसांपैकीं किती जणांना त्यानें रोगी ठरविलें? उत्तरें बातमींत नसलीं, तर आपल्या डॉक्टरांना विचारावीं. तेही हा प्रश्न ऐकून नाराज होणार नाहींत. आणि तोंवर, पोटाच्या वरच्या भागांतून पाठीकडे जाणारें दुखणें, कारणावांचून घटणारें वजन, उतारवयांत एकाएकीं उद्भवलेला मधुमेह किंवा कावीळ, यांपैकीं कांहीं आढळल्यास यंत्राची वाट न पाहतां वेळींच वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.