रस्ता कुणाचा, इमारत कुणाची, ठाणं कुणाचं?

(कुरखेडा येथील बैठकीत केलेले भाषण)



वरोरा, राजुरा, कोरपन्याकडची मंडळी आज कुरखेड्याला आली आहेत. काळ्या मातीतली, कपाशी-ज्वारीची माणसं धानाच्या बांध्यांत येऊन बसली आहेत. येताना काहींनी आम्हाला विचारलं, कापसाच्या भावाचं बोलायचं सोडून या जंगलात रस्ते, इमारती आणि पोलीस ठाण्यांच्या गोष्टी कशाला काढता? या गोष्टी पुढाऱ्यांच्या, ठेकेदारांच्या. आपला काय संबंध?

संबंध आहे. तो कापसाच्या भावातच लपलेला आहे.

दिवाळीच्या आसपास पहिली वेचणी होते. त्याच वेळी परतीचा पाऊस पडतो. काळ्या मातीची पांदण अशी होते, की बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. कापूस घरात ठेवावा तर जागा नाही आणि सावकार दारात. मग गावात खेडा खरेदीवाला येतो. गाडी त्याची, काटा त्याचा, भाव त्याचा. बाजारपेठेच्या भावापेक्षा तो कमी देतो, आणि कमी का म्हणून विचारलं तर म्हणतो, तुमच्या गावाला रस्ता कुठं आहे? समजा, तो क्विंटलमागं 200 रुपये कापतो आणि तुमच्या घरात 15 क्विंटल कापूस आहे. झाले 3000 रुपये. असे दहा हंगाम मोजा, झाले 30 हजार. हा तुम्ही भरलेला रस्त्याचा करच आहे. पावती नाही, आणि कर भरूनही रस्ता नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा आम्हाला शिकवलं, की उत्पन्न वाढवायचं तर सुधारित बियाणं, खताची मात्रा, फवारणीची वेळ सांभाळा. गावोगाव फिरून आम्ही ते सांगितलंही. बोंड वाढलं, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा वाढला नाही. तेव्हा कळलं, वावराच्या धुऱ्याच्या आत काय पिकतं एवढंच आम्ही शिकलो होतो. धुऱ्याबाहेर पडल्यावर त्या मालाचं काय होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि शेतकरी लुटला जातो तो धुऱ्याबाहेर.

आता रस्ता कुठून कुठं न्यायचा, हे कोण ठरवतं ते पाहू. 1943 साली आपल्याच नागपुरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिथं पक्की झाली. शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून 5 मैलांहून दूर राहू नये, असं उद्दिष्ट ठरलं. कागद चांगला होता. पण प्रत्यक्षात पैसा वरच्या वर्गाच्या रस्त्याला आधी मिळतो, आणि तुमची पांदण कुठल्याच वर्गात नीट बसत नाही. तिच्यासाठी सरकारनं योजना काढल्या. 2018 साली पालकमंत्र्यांच्या नावानं एक, 2021 साली मातोश्रींच्या नावानं दुसरी. नावं बदलली. तुमच्या गावाची पांदण झाली का, ते तुम्हीच सांगा.

याच्या उलट उदाहरण पाहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं टाकली. कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे जायचा होता, म्हणून रूळ पडले. आज आपल्या जिल्ह्यात एटापल्लीकडे सुरजागडचं लोहखनिज निघतं आहे. त्या भागात रस्त्यांना एकदम घाई आली. खनिजाला रस्ता मिळायला वेळ लागत नाही, रोग्याच्या खाटेला लागतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. रस्ता कुठून कुठं जावा हे ज्याच्या हाती, त्याचाच माल त्यावरून जातो.

रस्त्यासारखंच इमारतीचं. शाळेची खोली, अंगणवाडी, दवाखाना, गोदाम. या भागात धानाची सरकारी खरेदी होते आणि गोदाम पुरत नाही म्हणून धान उघड्यावर ताडपत्रीखाली राहतं. अवकाळी पाऊस आला की पोत्यांना कोंब फुटतात. त्याच काळात जिल्ह्यात दुसऱ्या इमारती उभ्या राहतात. त्या नकोत असं आम्ही म्हणत नाही. पण आधी गोदाम की आधी विश्रामगृह, हे धान पिकवणाऱ्याला कुणी विचारलं?

इथं जंगलातल्या गावांना नेहमी एक उत्तर मिळतं: "जमीन वनखात्याची आहे, काही करता येत नाही." हे उत्तर अर्धवट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3, पोटकलम 2 आहे. त्यात 13 कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, तलाव, पिण्याचं पाणी, पाणी साठवण, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर. यातल्या कुठल्याही कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी 75 हून जास्त झाडं तुटत नसतील, तर ती जमीन देता येते. अट एकच मोठी आहे. ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे या कामाची पहिली सही गावाची आहे. किती गावांनी ती केली? आणि किती गावांत सचिवानं घरी बसून ठराव लिहिला?

आता ठाण्याकडे येऊ. या विषयावर कुरखेड्यात बोलताना आवाज आपोआप खाली जातो.

1 मे 2019, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री याच तालुक्यातल्या दादापूरजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं आणि यंत्रं जाळली. दुसऱ्या दिवशी तिकडे निघालेली पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगानं उडवली. 15 पोलीस आणि गाडीचा चालक, अशी 16 माणसं गेली. कुणाची पोरं होती ती? बहुतेक तुमच्या-आमच्यासारख्या कास्तकाराचीच. त्या हत्येला आमच्याकडे कुठलीही सबब नाही. रस्ता जाळणाऱ्यांनी गावाला विचारलं होतं का, रस्ता हवा की नको? नाही विचारलं. आणि रस्ता आखणारे तरी कधी गावाला विचारतात?

पोलिसांच्या बाबतीतही तेच. 1967 च्या कायद्यानं पोलीस पाटील नेमला जातो, तो महसूल अधिकाऱ्याच्या हुकमानं, गावाच्या मतानं नाही. 2003 पासून गावबंदीची योजना आली. नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव गावानं करायचा आणि विकासकामासाठी निधी घ्यायचा. ज्या गावाला ठाणं कित्येक कोस दूर, त्या गावानं रात्री कुणाच्या भरवशावर हा ठराव पाळायचा? अलीकडे पोलिसांनी "दादालोरा खिडकी" सुरू केली. दाखले, योजनांचे अर्ज तिथं भरून मिळतात. लोकांची सोय झाली, हे मान्य करू. पण ही कामं तहसीलची, कृषी खात्याची, पंचायत समितीची. ती पोलिसांच्या खिडकीवर होतात, याचा अर्थ बाकीच्या इमारतींच्या खिडक्या बंद आहेत.

गावानं स्वतः राखण केली की काय होतं, हेही याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या मागणीतून, आणि आजही जिथं ती खरी टिकली आहे, तिथं ती बायकांनी टिकवली आहे. गावातली दारू कुठल्या घरात, कुठल्या नाल्यात लपते, हे जमादाराच्या आधी बाईला माहीत असतं. बाईनं पकडायचं, गावानं ठरवायचं, पोलिसानं गुन्हा नोंदवायचा. तिघांनी आपापलं काम केलं तर त्याला राखण म्हणतात.

15 ऑक्टोबर 2025 ला गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. चांगलं झालं. पण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो. चाळीस वर्षं रस्ता का नाही, तर नक्षल. शिक्षक का येत नाही, तर नक्षल. हे कारण आता संपत आलं. मोकळ्या झालेल्या जागेवर कोण बसणार? ग्रामसभा, की ठेकेदार आणि खाणवाले? वावर पडीक राहिलं तर तण वाढतं. ते कुणाला विचारून वाढत नाही.

आणि इथंच कुरखेड्याचा स्वतःचा धडा आहे. 2014 साली राज्य सरकारनं ठरवलं, की ज्या तालुक्याच्या गावाला नगरपालिका नाही तिथं नगरपंचायत करायची. 2015 साली कुरखेड्यात नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. लोकांना वाटलं, गाव शहर झालं, निधी येईल. काही आलाही. पण त्या दिवशी ग्रामसभा गेली. 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. योजनेला मान्यता, लाभार्थ्यांची निवड, गौण वनोपजाची मालकी, भूसंपादनाआधी विचारणा. नगरपंचायतीत ग्रामसभाच नाही, तर हे अधिकार वापरायचे कुणी? 17 नगरसेवक आणि वरून आलेला मुख्याधिकारी, यांच्या बैठकीत रस्ता-नाली-इमारत ठरते. घटनेच्या कलम 243 झेड-सी मध्ये लिहिलं आहे, की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेनं तसा कायदा करायला पाहिजे. 2001 साली विधेयक आलं, कायदा झाला नाही. राज्याच्या 1965 च्या नगरपालिका कायद्यावर कारभार चालू आहे. कायद्याचा कीस वकिलांनी पाडावा. आमचा सवाल साधा आहे. गावाला शहर करताना गावाचं तोंड का बंद केलं?

दुसऱ्या बाजूला धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती आला. शेजारच्या कोरचीत गावोगावच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. ही गावं आपल्याहून श्रीमंत नाहीत, जास्त शिकलेलीही नाहीत. ती एकच गोष्ट करतात. नियमानं बसतात आणि ठरल्याशिवाय उठत नाहीत.

आता घरी जाऊन काय करायचं, ते सांगून थांबतो.

पहिलं, पांदण. कुणी रस्ता अडवला असेल तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करा. वावराला वाटच नसेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून वाट मागा. एकेकट्यानं जाऊ नका. एका पांदणीवरचे सगळे कास्तकार मिळून जा.

दुसरं, हिशेब. पेसा क्षेत्रात ग्रामपंचायतीला निधी खर्च केल्याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. तो दाखला वाचल्याशिवाय देऊ नका. रस्त्याची लांबी कागदावर किती, जमिनीवर किती, टेप घेऊन जा आणि मोजा. राजुरा-जिवतीकडच्या काही गावांना पेसा आहे, वरोऱ्याला नाही. ज्यांना नाही त्यांनी 2005 च्या माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागवा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

तिसरं, राखण. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते. ती कागदावर होऊ देऊ नका. दारू, चोरी, रानडुकरांचा त्रास, रात्रीची गस्त, हे विषय तिथून येऊ द्या, ठराव करा आणि त्याची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या.

कापसाचा भाव काय असावा, यावर आपण लढतो आणि लढत राहू. पण गावातला एक किलोमीटर रस्ता, एक खोली आणि रात्रीची राखण, एवढंही जे गाव स्वतः ठरवत नाही, त्याला भाव ठरवायला कोण बोलावणार? पुढची ग्रामसभा जवळ आली आहे. त्या दिवशी वावरात जाऊ नका. तास-दोन तास सभेत बसा. पऱ्हाटी तेवढी थांबेल.