उत्तर कुठं आहे?

भाकरी थापत ऐकत असाल तर थापत राहा. फक्त घरात अकरावी-बारावीचं लेकरू असेल तर त्याला हाक मारून रेडिओजवळ बसवा. आज बोलायचंय ते त्यांच्या भूगोलाबद्दल. भूगोल म्हटलं की आपल्याला वाटतं, पास होण्यापुरता विषय. आम्हालाही तसंच वाटायचं. २०२५ च्या सप्टेंबरापर्यंत.

त्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, ते तुम्हाला सांगायला नको. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, काठावरची गावंच्या गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. आमचं गावही सीनाकाठचंच, मोहोळ तालुक्यातलं. पाऊस आमच्याकडंही झाला होता, पण एवढं पाणी काही आमच्या पावसाचं नव्हतं. ते वरून आलं, अहिल्यानगर आणि धाराशिवकडून.

रात्री पाणी खालच्या आळीत शिरलं. म्हातारी माणसं, शेरडं-करडं, गटाचं शेवयांचं मशीन, हिशोबाच्या वह्या, सगळं हलवायचं होतं. हलवायचं कुठं? काही जण म्हणाले, शाळेत, पक्की इमारत आहे. काही म्हणाले, देवळाच्या माळावर. अंधारात दोन्ही सारखंच दिसत होतं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावीला आहे. अकरावीत भूगोलाच्या प्रात्यक्षिकात तिला वीसपैकी वीस पडलेले. कुणीतरी तिलाच विचारलं, "तू शिकलीयास नव्हं, सांग की, शाळा उंचावर का माळ?" पोरगी गप्प. तिनं मोबाइल काढला. रेंज गेलेली.

तेवढ्यात एक मावशी बोलल्या. सही करायला आमच्या गटात आल्यावर शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "शाळंत नगा जाऊ. नदी फुगली की वढ्याचं पानी उलटं चढतंय." शाळेमागून ओढा जातो, पुढं तो सीनेला मिळतो. नदीला पूर आला की ओढ्याच्या पाण्याला वाट मिळत नाही, फुगवटा मागं येतो. मावशींनी ते लहानपणी कधीतरी पाहिलेलं. आम्ही माळावर गेलो. सकाळी शाळेच्या वर्गात गुडघाभर पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर ती मुलगी आमच्याकडं येऊन रडली. म्हणाली, "मला सांगता आलं नाही." आम्हाला तिचा राग आला नाही, नवल वाटलं. आम्ही म्हटलं, तुझी प्रात्यक्षिकाची वही आण बघू. आणली. काय सुंदर वही! तपकिरी रंगात समोच्च रेषा काढलेल्या. शंकूसारखी टेकडी, पठार, खिंड, सगळं जिथल्या तिथं. आम्ही विचारलं, हे कुठल्या टेकडीचं? तर म्हणाली, "माहीत नाही, मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून काढलं." काचेखाली बल्ब लावायचा, वर वही ठेवायची आणि गिरवायचं. सगळा वर्ग तसंच करतो. कॉलेजचं नाव आम्ही घेत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. ज्यांनी कला शाखेतून पदवी घेतली आहे त्यांनी आपापली वही आठवावी. आम्हीही काच-बल्ब केलेलंच आहे.

परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगतो. दहावीला भूगोलाचे ४० गुण. अकरावी-बारावीला भूगोल घेतला तर लेखी ८० आणि प्रात्यक्षिकाचे २०. लेखीत जगाचा कोरा आराखडा देतात आणि त्यात ठिकाणं सूचीसह दाखवायला सांगतात. विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांचा नकाशाशी संबंध बहुतेक दहावीतच संपतो. आणि २०२० ची दहावीची बॅच आठवते का? कोरोनामुळं त्यांचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण दिले. मुलं खूश होती. भूगोलाचा पेपर बुडाला म्हणून हळहळणारं कुणी आम्हाला तरी भेटलं नाही.

तर पुरानंतर आमच्या ग्रामसंघात ठरलं की पोरांची परीक्षा आपणच घ्यायची. त्यांच्या नकाशावर आणि आपल्या जमिनीवर.

त्यासाठी नकाशा हवा. गावनकाशा तलाठ्यांकडं, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडं असतो. त्यात गट नंबर आणि बांध कळतात, पण उंचसखल कळत नाही. त्याला स्थलनिर्देशक नकाशा लागतो, मुलं ज्याला टोपोशीट म्हणतात. तो भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ सालापासूनचा आहे, मुख्य कार्यालय डेहराडूनला. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग ४७ ओ या गटातल्या कागदांवर आहे. सोलापूर शहर ४७ ओ/१४ वर, पंढरपूर ४७ ओ/६ वर. २०१७ पासून या विभागाने असे नकाशे संकेतस्थळावरून फुकट द्यायला सुरुवात केली. आमच्या भागाचा मोठा कागद छापून आणला आणि ग्रामसंघाच्या खोलीत सतरंजीवर पसरला. अकरावी-बारावीची चौदा मुलं-मुली आली. परीक्षक आम्ही बाया. पोरं आधी हसत होती.

पहिला प्रश्न मावशींनी विचारला, "उत्तर कुठं आहे?" एकानं नकाशाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. मावशी म्हणाल्या, "कागदावरची नगं, खरी उत्तर दाखव." त्यानं सरळ वर छताकडं हात केला. नकाशात उत्तर वर असते ना! हशा पिकला, पण बाकीच्यांपैकी निम्म्यांचा हातही भिंतीभिंतीवर फिरत होता. एका मुलानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. तेही चालेल, आम्ही गुण दिले. मग मावशींनी आपली रीत सांगितली. उगवतीकडं तोंड करून उभं राहायचं, डावा हात पसरायचा, तो उत्तरेकडं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून कागद फिरवला, कागदावरची उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत आणली. तेव्हा कुठं कागदावरचा ओढा खऱ्या ओढ्याच्या बाजूला आला. "अगं बाई, हा आपला ओढा!" हे कोण ओरडलं माहितेय? वीसपैकी वीसवाली.

दुसरा प्रश्न रंगांचा. नकाशावर एक बारीक काळी रेघ गावाजवळून जाते, ती काय? बहुतेक मुलांनी सांगितलं, डांबरी रस्ता. डांबर काळं, म्हणून रेघ काळी! या नकाशात रस्ते लाल असतात. पाणी निळं, झाडी हिरवी, पिकाखालची जमीन पिवळी, समोच्च रेषा तपकिरी. आणि जो ओढा वर्षातला बराच काळ कोरडा असतो, तो काळा. निळी रेघ शोधून ओढा सापडणार नाही. आपला सोलापूर जिल्हा कोरड्याचा, त्यामुळं आपल्या कागदावर काळ्या रेघाच फार. हे ऐकल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "म्हंजी काळी रेघ दिसली की हंडा घेऊन निघायचं." आणि पुरात तीच काळी रेघ गावात शिरते.

अंतराचा प्रश्न सोपा वाटला होता. गावापासून आठवडी बाजार किती लांब? या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पोरांनी पट्टी लावली, नऊ सेंटिमीटर. म्हणजे साडेचार किलोमीटर. बाया म्हणाल्या, छे, पायी जाऊन पाय मोडतात, साडेचार कसलं! मग शिवणकाम करणाऱ्या ताईंनी पिशवीतून दोरा काढला. रस्ता जसा वळतो तसा दोरा वळवत नेला आणि मग पट्टीवर ताणला. तेरा सेंटिमीटर, साडेसहा किलोमीटर. पट्टी कावळ्याचं अंतर मोजते, दोरा माणसाचं. आता पोरांच्या कंपासपेटीत दोरा असतो.

सीना भीमेला कुठं मिळते, यावर बहुतेकांनी पंढरपूर सांगितलं. वारी आपल्या डोक्यात एवढी बसली आहे की प्रत्येक नदी तिथंच न्यावीशी वाटते. संगम आहे दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलला. शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख जिथं आहे तेच हे ठिकाण. सहज म्हणून आम्ही सुएझ कालवा विचारला. तो मात्र चौदाच्या चौदा जणांनी जगाच्या नकाशात पटकन दाखवला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, आयांनी नीट ऐका. गुण मोजले तेव्हा मुली मुलांपेक्षा मागं पडल्या. लेखी परीक्षेत त्याच पुढं असतात. मग असं का? मुलं गाडीवर, सायकलवर शिवारभर हिंडलेली असतात. विहीर कुठं, बंधारा कुठं, पाणंद कुठं निघते, त्यांना पायाखालचं ठाऊक. मुलींना घर माहीत, एसटीचा थांबा माहीत आणि खिडकीतून दिसणारा रस्ता माहीत. एक मुलगी म्हणाली, "ओढ्यापलीकडं मी कधी गेलेच नाही, जाऊ देत नाहीत." कोण जाऊ देत नाही? आम्हीच. त्या खोलीत बसलेल्या परीक्षक बायाच. त्या दिवशी आम्ही पोरींचे गुण कापले, पण खरं तर ते कुणाचे कापायला हवे होते हे आम्हाला कळत होतं.

शेवटचा प्रश्न त्या रात्रीचाच. शाळा उंच की देवळाचा माळ? नकाशावरून सांगा. पोरं वाकून बघायला लागली. या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असतो. डोंगराळ भागात त्या दाटीवाटीनं येतात, आपल्या सपाट मुलखात एक इथं तर दुसरी पार तिकडं. आमची शाळा आणि आमचा माळ, दोन्ही एकाच दोन रेषांच्या मध्ये. कुणी अंदाजानं माळ म्हणालं, कारण त्या रात्रीचं माहीत होतं. एक मुलगा मात्र खाली मान घालून पुटपुटला, "ह्या नकाशावरून नाही सांगता येत." त्याला वाटलं आपलं चुकलं. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले. तेच बरोबर उत्तर होतं. असं उत्तर पेपरात लिहिलं तर काय होईल, हे आम्हाला सांगवत नाही.

मग सांगायचं कसं? पुराचं पाणी जिथपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा भिंतींवर अजून होत्या. मुलांनी त्यावर गेरूनं रेघा ओढल्या. गावातल्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, ती पारदर्शक लांब नळी, जिच्यात दोन्ही टोकांना पाणी सारख्या पातळीला राहतं. शाळेच्या भिंतीवरच्या खुणेपासून सुरुवात करून, टप्प्याटप्प्यानं ती पातळी माळापर्यंत नेली. एक अख्खा रविवार गेला. माळावरचा पार पुराच्या खुणेपेक्षा जवळजवळ तीन मीटर उंच निघाला. सगळं मोजमाप वहीत लिहिलं आणि त्यावरून पोरांनी गावाचा मोठा नकाशा केला. नळी धरायला मुलीच पुढं होत्या, आणि ओढा ओलांडून पलीकडंही गेल्या. बरोबर दोन आया होत्या, एवढंच.

पूररेषेचं नावही तेव्हाच सगळ्यांना कळलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घरकुलाची जागा बघताना, पोरीला सासरी देताना, प्लॉट घेताना ही रेषा विचारा. सासरचं घर बघायला जाताना सोनं-नाणं विचारतो, निळी रेषा का विचारू नये?

तुम्हाला हे करायचं असेल तर महागाचं काही लागत नाही. नकाशा नसला तर अंगणात रांगोळीनं गाव काढायला लावा, पण आधी उगवतीकडं तोंड करून. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला परीक्षक बसवा. आणि वही सुंदर आहे म्हणून गुण देऊ नका.

आमचा नकाशा ग्रामसंघाच्या भिंतीवर लावला आहे. परवा मावशी त्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. अक्षरं लावत लावत त्यांनी खालच्या आळीतली एक विहीर शोधली आणि म्हणाल्या, ही इथं नाही, लिंबाच्या पलीकडं आहे. पोरं म्हणतात, आम्ही मोजली आहे. मावशी म्हणतात, मी तिथलं पाणी भरलंय. येत्या रविवारी दोरा आणि नळी घेऊन दोन्हीकडची मंडळी विहिरीवर जाणार आहेत.