माशांतील कामगंध आणि सायप्रिनसचे प्रजनन



कापसातील बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. मादी पतंगाच्या वासासारखा वास असलेली गोळी टांगली की नर पतंग त्यात येऊन पडतात. असाच वासाचा व्यवहार पाण्याखाली माशांतही चालतो. मी कृषिविद्येचा माणूस, परंतु शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी हल्ली पिकाबरोबर माशांचेही प्रश्न विचारतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पतंगाची मादी गंधासाठी वेगळे द्रव्य तयार करते. माशांचे तसे नाही. मादीच्या शरीरात अंडी पक्व करणारे जे संप्रेरक असते, तेच थोडे पाण्यात उतरते आणि नराला ते वासाने कळते. या विषयाचा सर्वांत बारकाईने अभ्यास गोल्डफिशवर झाला आहे. हा मासा आपल्या सायप्रिनसचा जवळचा भाऊबंद आहे. कॅनडातील स्टेसी, अमेरिकेतील सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, अंडी सुटण्याच्या काही तास आधी, रात्री, मादी एक स्टेरॉइड संप्रेरक पाण्यात सोडते. नराच्या नाकपुडीला ते कळताच त्याच्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरक रक्तात उतरते आणि पहाटेपर्यंत त्याचे वीर्य वाढते. म्हणजे मादीची अंडी तयार होत असताना नरही तयार होतो.

किती थोडे द्रव्य पुरते म्हणाल? एक ग्रॅम सुमारे तीनशे कोटी लिटर पाण्यात! वीस लाख लिटरची दीड हजार शेततळी डोळ्यांसमोर आणा.

अंडी सुटल्यावर दुसरा निरोप जातो. तो प्रोस्टाग्लँडिनचा असून मुख्यतः मूत्रातून जातो. त्याने नर मादीच्या मागे लागतो, तिला ढुशा देतो. २००७ मधील एका अभ्यासात तर असे दिसले की, अंडी सुटलेली मादी पाणवनस्पतींपाशी आल्यावर अधिक वेळा मूत्र सोडते. अंडी चिकटवायची जागाच ती नराला कळवते.

आता कोणी विचारेल, मग असे औषध पाण्यात टाकून रोहू-कटल्याचे बीज काढता येईल का? नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्या माद्या साठलेल्या पाण्यात शेवटच्या टप्प्यापर्यंत जातच नाहीत. तो टप्पा इंजेक्शननेच गाठावा लागतो. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पीयूषिकेच्या अर्काने हे साधले आणि आजही मत्स्यबीज केंद्रांत त्याच मार्गाने, तयार संप्रेरक औषधे वापरून, काम होते. 'वासाची पावडर' म्हणून कोणी काही विकायला आले तर पैसे देऊ नका.

सायप्रिनस मात्र तळ्यात आपोआप वितो, मुख्यतः जानेवारी ते मार्च आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये. नको तेव्हा व्याला की तळ्यात पिलांची गर्दी होते, खाद्य वाटले जाते आणि विक्रीचा मासा लहानच राहतो. म्हणून प्रजननासाठी ठेवलेले नर-मादी महिनाभर आधी वेगळे करावेत. पोट हलके दाबल्यावर दुधासारखे वीर्य येते तो नर. मादीचे पोट फुगलेले व मऊ असते.

बीज घ्यायचे असेल तेव्हा संध्याकाळी हाप्यात एक मादी आणि तिच्या वजनाइतके दोन नर सोडावेत. सकाळी सोडण्याची घाई करू नये, रात्रभराचा वेळ त्या निरोपासाठीच हवा असतो. मादीच्या वजनाच्या दुप्पट स्वच्छ धुतलेली हायड्रिला हाप्यात पसरावी. पहाटेपर्यंत बहुधा अंडी मिळतात, मादीच्या किलोमागे सुमारे एक लाख. सकाळी नर-मादी काढून घ्यावेत आणि वनस्पती अंड्यांसह दुसऱ्या हाप्यात हलवावी. पारदर्शक अंडी फलित समजावीत, पांढरी पडलेली वाया गेलेली. ऊबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडतात.