शिकलगाराचा तंबोरा आणि सुताराचे तुणतुणे

(महाड येथे कारागीर व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तेथून घाट चढून गेले की प्रतापगड. सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदासाचा पोवाडा आणि अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा पोवाडा, असे मराठी शाहिरीतील दोन जुने पोवाडे या मुलखाशी जोडलेले आहेत. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये जुने पोवाडे छापून काढले आणि शाहिरांची नावे ग्रंथात गेली. पण पोवाड्याला सूर देणारे तुणतुणे ज्याने घडविले, त्या कारागिराचे नाव इतिहासाने राखले नाही.

तुणतुणे दिसायला साधे. लाकडाचे पोकळ नळकांडे, बुडाशी ताणून बसविलेले कातडे, बाजूला बांबूची काठी, काठीच्या टोकाला खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. नळकांडे कोरणारा सुतार, कातडे कमावणारा ढोर, बांबूचे काम जाणणारा बुरूड. गावगाड्याने ज्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या त्यांचे हात या वाद्यात एकत्र येत होते. त्याच गावगाड्यात पाणी मात्र एक नव्हते. येथील चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरून तळ्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या समुदायासह तेथे जावे लागले, आणि न्यायालयातील झगडा १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. ज्याने कमावलेल्या कातड्याचा नाद समाजाला चालत होता, त्याची ओंजळ पाण्याला चालत नव्हती.

पाण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. विद्येच्या हक्काचे काय? येथे प्रश्न शाळेतील विद्येचा नसून हातातील विद्येचा आहे. दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराला तंबोरा, वीणा किंवा सतार घडवायला शिकावेसे वाटले, तर त्याने कोणाकडे जावे, आणि शिकत असताना त्याच्या घरची चूल कशी पेटावी?

या प्रश्नाचे एक उत्तर मिरजेच्या इतिहासात आहे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ मध्ये दोहोंना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा तेथे कोणी सुरू केला? सुतारांनी नव्हे आणि गवयांनीही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने त्याचा पाया घातला. शिकलगार म्हणजे तलवारी आणि हत्यारे यांना धार व झिलई देणारा कारागीर. संस्थानी फौजांचे दिवस सरले, तशी तलवारीला धार लावून घेणारी गिऱ्हाइकेही सरली. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारी गाणे-बजावणे होते आणि उत्तरेकडून आलेली वाद्ये दुरुस्तीला निघत. ते काम या हातांकडे आले. दुरुस्तीसाठी वाद्य उघडता उघडता ते कसे जोडले आहे हे उमगले, आणि उमगल्यावर नवे वाद्य उभे राहिले. पुढे या कुटुंबांचे आडनावच सतारमेकर झाले. पोलाद घासणारा हात लाकडाला लागला आणि त्यातून स्वर निघाला. कसब रक्तातून येते असे सांगणाऱ्यांना मिरजेने दिलेले हे उत्तर आहे.

मात्र हे शिकणे सोपे नाही. सुताराची सारी तालीम गुण्या, रंधा आणि पटाशी यांची. कोन काटकोनात यावा, सांधा घट्ट बसावा, वस्तू पिढ्यानुपिढ्या टिकावी, हा त्याचा धर्म. तंबोऱ्याला मजबुती तर लागतेच, पण जितकी हवी तितकीच. भोपळा भीमेकाठच्या सोलापूर जिल्ह्यातून येतो. तो वाळवून, कापून, आतून साफ करावा लागतो. दांडी बहुधा तुनाच्या लाकडाची, आतून पोकळ. भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो आणि फार पातळ झाली तर तारांच्या ओढीने खचते. किती कोरायचे हे पट्टी सांगत नाही. बोटाने टकटक करून, कान लावून ठरवावे लागते.

सर्वांत अवघड काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नजरेला न जाणवणारा उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर घासून थरथरते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. कानशीने एक हात अधिक फिरला की सारे बिघडते. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नेमका बिंदू शोधायचा. पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते वर्ज्य झाल्यावर उंटाचे हाड आणि प्लॅस्टिकही आले. साहित्य बदलले, पण कान बदलून चालत नाही. आणि कान तयार व्हायला वर्षे लागतात.

सरकारी योजनेत नेमकी ही वर्षे नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, स्वस्त व्याजाचे कर्ज, आणि पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण असे तिचे स्वरूप. त्याहून पुढचे प्रशिक्षण पंधरा दिवसांचे. यादीत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, हत्यारे घडविणाराही आहे. वाद्य घडविणारा नाही. फरीदसाहेब आज नोंदणीला आले असते तर त्यांची नोंद हत्यारवाल्यांत झाली असती! बापाचा धंदा मुलाने चालवावा हे गृहीत धरून आखलेल्या योजनेत एका कसबातून दुसऱ्या कसबात जाणाऱ्या माणसाला रकानाच नाही. कारागिराचा गौरव करता करता त्याला जातीच्या चौकटीत परत बसविणे, हे समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहावे. परसात फणस आहे. दक्षिणेत तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची होते आणि २०१३ मध्ये तिला मानांकनही मिळाले. अडचणीही खऱ्या आहेत. फणस तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. चार महिन्यांच्या धुवाधार पावसात लाकूड फुगते, सांधे सुटतात. म्हणून लाकूड वर्षानुवर्षे मुरवण्याची कोरडी जागा हवी, आणि ती एकट्या सुताराच्या ओसरीवर होत नाही. मुंबईचा रस्ता तर पिढ्यांपासून मळलेला आहे. गिरण्यांत गेलेल्यांपैकी अनेक १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हातांनी परतले. आजचा तरुण फर्निचरच्या कारखान्यात रोजावर प्लायवुड कापतो.

वाद्ये घेणार कोण, असे विचारले जाईल. विजेवरच्या तानपुऱ्याने मागणी घटविली हे खरे. पण कोकणात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात आणि तेथे वीणा अहोरात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते, ती खाली ठेवीत नाहीत. दिंडीला वीणेकरी लागतो. भजनी मंडळांची वाद्ये मोडतात आणि दुरुस्तीसाठी दूर न्यावी लागतात. मिरजेचा आरंभही दुरुस्तीनेच झाला होता.

म्हणून मागणी मोठी नाही. वाद्यकारागिराचे नाव यादीत घाला. शिकणाऱ्याला जात किंवा बापाचा धंदा विचारू नका. दोन वर्षे मिरजेच्या कारागिरापाशी राहता येईल इतके विद्यावेतन शिकणाऱ्याला द्या आणि शिकविणाऱ्या उस्तादालाही मानधन द्या. परतल्यावर लाकूड मुरवायला सहकारी तत्त्वावरची एक कोरडी शेड द्या. संस्थानिकाने मर्जीने जे एका कुटुंबाला दिले, ते लोकशाहीने हक्क म्हणून सर्वांना द्यावे. मिरजेच्या शिकलगाराला दरबाराने दिलेली खरी देणगी पैशाची नव्हती. चुकत चुकत शिकण्याइतका वेळ त्याला मिळाला. पोलादपूरच्या सुताराला तोच वेळ हवा आहे.