मुठीवरून तलवारीची ओळख

जुनी तलवार हातीं आली कीं नजर प्रथम पात्याकडे जाते. परंतु तलवारीचें कूळ बहुधा मूठ सांगते. पातीं व्यापारानें दूरदेशीं जात. मूठ मात्र धारण करणाराच्या रिवाजाप्रमाणें घडविली जाई.

बुखाऱ्याकडील तलवारीस हाताच्या रक्षणार्थ आडवें कांहींच नसतें. मुठीच्या दोन फळ्या बहुधा पांच खिळ्यांनीं जखडलेल्या असतात. अफगाणी पुलवाराच्या मुठीचा शेंडा वाटीसारखा पोकळ असून आडव्या भुजांचीं टोकें पात्याकडे वळलेलीं असतात. मराठी फिरंगेच्या मुठीस बोटें झांकणारी परज असते.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी (मृत्यु १७५५) यांची तलवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलावांत निघाली. महाराष्ट्र शासनानें ती ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. ऑगस्टांत ती मुंबईस आली. पातें सरळ, एकधारी, युरोपांत घडलेलें. केवळ तेंच पाहणारा तिला परकी म्हणेल. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर रघूजींचें नांव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब व ‘फिरंग’ हा शब्द, हीं अक्षरें सोन्यानें लिहिलेलीं आहेत.

अर्थात् मूठ बदलतां येते. म्हणून ती व पातें एकाच काळचीं, असें गृहीत धरूं नये. आणि ज्या घरीं दसऱ्यास जुनें शस्त्र पूजिलें जातें, तेथें गंजलेली मूठ काढून नवी बसविण्याचा मोह टाळावा. मूठ गेली कीं तलवारीचें गांव गेलें.