तेलशुद्धी आणि रसायनसंकुल : एक सामाईक ताळेबंद

(सावेडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पावसाचा अंदाज हाच ज्या जिल्ह्याचा वर्षारंभीचा पहिला हिशेब, आणि समुद्र ज्याच्यापासून अख्ख्या सह्याद्रीपलीकडे, त्या नगर जिल्ह्यात खनिज तेलाच्या शुद्धीकारखान्याला जोडून उभारावयाच्या पेट्रोरसायन संकुलाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पारनेर-पाथर्डीच्या शेततळ्यांत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, डाळिंबाच्या ओळींतून फिरणारी ठिबकाची नळी, विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाणी नेणारा पीव्हीसी पाइप आणि पहाटे दारात पडणारी दुधाची पिशवी, या सर्वांचे मूळ इथिलीन नावाच्या एका वर्णहीन वायूत आहे, आणि तो वायू बहुतांशी तेलाच्या व नैसर्गिक वायूच्या पोटातून काढला जातो. शिवाय अकोळनेरच्या डेपोमुळे तेलाचा व्यवहार आपल्या वेशीपर्यंत कधीच आलेला आहे, आणि गुजरातेतील कोयलीपासून नगरमार्गे सोलापूरपर्यंत तेलवाहिनी नेण्याचे काम इंडियन ऑईलने हाती घेतलेले आहे. तेव्हा ज्या कोयलीची हकीकत मी पुढे सांगणार आहे, ती परमुलखाची राहिलेली नाही.

शुद्धीकारखाना आणि रसायनसंकुल यांचे नाते समजण्यास जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरेच्या काठी १९५०च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा ऊस म्हणजे साखर एवढेच समीकरण लोकांच्या मनात होते. पुढे मळीपासून मद्यार्क, चिपाडापासून वाफ आणि वीज, प्रेसमडपासून खत असे एकेक अंग कारखान्यांना जोडले जात गेले आणि एका उसाचे चार धंदे झाले. खनिज तेलाचेही तसेच आहे. किंबहुना या दोन धंद्यांचे नाते उपमेपेक्षाही जवळचे आहे, कारण आपल्या देशात पॉलिथिलीन प्रथम निघाले ते तेलापासून नव्हे. १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे ते मद्यार्कापासून केलेल्या इथिलीनवर निघाले.

आता या जोडणीचे अंतरंग पाहू. अशुद्ध तेल तापवून त्याचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे हलका वायू, नाफ्था, रॉकेल, डिझेल आणि तळाचे जड इंधन असे त्याचे भाग पडतात. त्यांतील नाफ्था वाफेबरोबर सुमारे ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीतून निमिषार्धात नेला, की त्याचे रेणू तुटतात. ते तत्काळ थंड केले नाहीत तर कोळसा होतो, आणि थंड केल्यावर शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास नेऊन वायू एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. टनभर नाफ्थ्यातून साधारण तिसरा हिस्सा इथिलीन मिळते, त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रॉपिलीन, शिवाय ब्युटाडाइन, बेंझीन, हायड्रोजन आणि जळाऊ वायू. येथपर्यंत ही एकतर्फी देणगी दिसते. परंतु भट्टीतून निघणारा हायड्रोजन शुद्धीकारखान्याला डिझेलमधील गंधक काढण्यासाठी परत हवा असतो, उरलेले द्रव अंश पेट्रोलच्या मिश्रणात परत जातात, आणि वाफ, वीज, पाणी, अग्निशमन, साठवणुकीच्या टाक्या हे सारे दोघांना मिळून एकदाच उभारावे लागते. ही देवघेव नळांनी, दिवसरात्र, मध्ये मालगाडी किंवा बंदर न येता चालते, म्हणूनच आधीच उभ्या असलेल्या शुद्धीकारखान्याशेजारी संकुल बांधणे हे अन्यत्र कोरी जमीन घेऊन दोन्ही नव्याने बांधण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. शुद्धीकारखान्यातील वायूपासून रसायन करण्याची युक्ती अमेरिकेत १९२० साली न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑईलने प्रथम अमलात आणली, तीही चालू कारखान्याच्या आवारात.

या मार्गावर महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, हे आज विस्मरणात गेले आहे. ट्रॉम्बे-माहूलच्या खाजणात स्टँडर्ड-व्हॅक्युमचा शुद्धीकारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा त्याच्या पाठोपाठ १९५५ मध्ये सुरू झाला. हेच दोन कारखाने राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. त्या काळी आपल्याला रॉकेल आणि डिझेल हवे होते, मोटारी थोड्या होत्या, आणि नाफ्थ्याला गिऱ्हाईक नव्हते. ती अडचणच संधी झाली. ट्रॉम्बेला खतांचा कारखाना आला, युनियन कार्बाइडने तेथेच नाफ्था-भंजनाची भट्टी उभारली, आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर मफतलाल समूहाच्या नोसिलने शेलच्या सहकार्याने वर्षाला ६०,००० टन इथिलीनची भट्टी पेटविली. त्या पट्ट्यात त्यानंतर जी कारखान्यांची रांग लागली, तिने कोकण-देशावरच्या किती कुटुंबांना मुंबईत स्थिर केले आणि माटुंग्याच्या रसायन-तंत्रशास्त्र विभागातील किती विद्यार्थ्यांना स्वदेशात काम दिले, हे त्या पिढीला विचारावे.

परंतु ही जोडणी पदरी पडलेली होती, आखलेली नव्हती. शुद्धीकारखाने एकाचे, भट्टी दुसऱ्याची, पुढचे प्लॅस्टिक तिसऱ्याचे. प्रत्येकाचा ताळेबंद निराळा, आणि वाढीला जमीन कोणाकडेच नाही. जगात भट्ट्यांचे आकारमान दसपटीने वाढत गेले, आयात जकात उतरली, आणि ६०,००० टनांची भट्टी नव्या शतकाच्या आरंभी विझली. माहूलमध्ये मात्र धूर, टाक्या आणि वस्ती यांचे एकमेकांवर दडपण वाढतच राहिले, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तेथील दूषित हवेबद्दल कंपन्यांवर भरपाई बसवावी लागली. कारखान्याभोवती मोकळा पट्टा राखण्याची तरतूद आरंभी काटेकोरपणे केली नाही, तर पुढे ती कोणत्याही हुकमाने करता येत नाही, हा माहूलचा धडा माझ्या मते नफ्यातोट्याच्या धड्याहून मोठा आहे.

बडोद्यानजीक कोयलीला याच्या उलट क्रम घडला. पंडित नेहरूंनी १९६३ च्या मे महिन्यात त्या शुद्धीकारखान्याची कोनशिला बसविली, सोव्हिएत साहाय्याने १९६५ मध्ये तो चालू झाला, आणि १९६९ मध्ये केंद्र सरकारने इंडियन पेट्रोकेमिकल्स ही कंपनी त्याच्या शेजारी संकुल उभारण्यासाठीच स्थापिली. १९७३ मध्ये ॲरोमॅटिक द्रव्यांचा विभाग, १९७८ मध्ये १,३०,००० टनांची इथिलीन भट्टी, असे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यास आधीच्या टप्प्याचा आधार देत ते वाढले. त्याच कंपनीने पुढे आपल्या नागोठण्याला मुंबई हायच्या वायूवर संकुल उभारले, हे खरे. पण तेथे शुद्धीकारखाना नव्हता.

चालू शुद्धीकारखान्याला संकुल जोडण्याच्या विचाराचे सध्याचे एक मोठे उदाहरण मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील बीना येथे उभे राहत आहे. समुद्रापासून इतक्या दूर शुद्धीकारखाना असावा, हेच नवल. अशुद्ध तेल गुजरातच्या वाडिनारहून ९०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाहिनीने तेथे येते. त्याला जोडून भारत पेट्रोलियमने सुमारे ४९,००० कोटी रुपयांचे संकुल योजिले, त्याची कोनशिला १४ सप्टेंबर २०२३ रोजी बसली. त्यात वर्षाला १२ लाख टन इथिलीनची भट्टी आहे, आणि तिच्यासाठी शुद्धीकारखान्याची क्षमता ७८ लाख टनांवरून १ कोटी १० लाख टनांवर न्यावयाची आहे. नोसिलच्या भट्टीच्या वीसपट ही भट्टी! सागरचे नाव घेताच इतिहासप्रेमी श्रोत्यांना गोविंदपंत बुंदेले आठवतील; त्याच प्रांताचा कारभार सांभाळीत ते उत्तरेच्या मोहिमेला रसद पुरवीत होते, आणि पानिपतच्या आधी त्याच कामी पडले. आज त्या पानिपतालाही इंडियन ऑईलच्या शुद्धीकारखान्याशेजारी नाफ्थ्याची भट्टी आहे.

मग महाराष्ट्राचे काय? २०१७ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ६ कोटी टनांचा शुद्धीकारखाना आणि रसायनसंकुल एकदम, कोऱ्या जमिनीवर उभारण्याचे ठरविले. सुमारे तीन लाख कोटींचा खर्च बोलला गेला. त्यासाठी निवडलेल्या नाणार परिसरातील भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे बारसूचा प्रस्ताव आला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती-परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लावावा लागला. मी या प्रकल्पाच्या तंत्राचा विरोधक नाही. परंतु त्याची मांडणी मला आरंभापासून सदोष वाटत आली आहे. कुंपणाच्या आतील नाफ्था, हायड्रोजन आणि वाफ यांचा मेळ थेंबाथेंबाने घालणाऱ्या शास्त्रज्ञांनी कुंपणाबाहेरील हापूसची कलमे, खाडीतील मासळी आणि सड्यावरचे झरे त्याच ताळेबंदात मांडले नाहीत. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला कातळ दप्तराला ओसाड दिसतो; गावाला तो गुरांची चराई असतो, आणि बारसूच्या कातळावर तर युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलेली प्राचीन कातळशिल्पे आहेत. मूल्य आधी न मोजता जमीन मागितली, की विरोध होणारच, आणि तो विरोध विकासाचा द्वेष म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. मुळा धरणाखाली गावे गेलेल्या या जिल्ह्याला हे मी सांगावे असे नाही.

माझा निर्णय असा की, संकुल उभारावयाचे तर ते चालू शुद्धीकारखान्याला जोडून, टप्प्याने आणि मोकळा पट्टा राखून उभारावे. आणि जेथे सर्वच नव्याने करावयाचे आहे, तेथे गावचा ताळेबंद आधी आणि यंत्रांचा नंतर मांडावा.

आपल्यापुरती एक विनंती करून थांबतो. पर्यावरण परिणामांविषयीची २००६ ची अधिसूचना अशी आहे की, मोठ्या प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची मुदत असते. तेलवाहिनीसाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याअन्वये जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो, नुकसानभरपाईखेरीज त्या हक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के रक्कम देय असते, वाहिनीवर नंतर घर बांधता किंवा झाड लावता येत नाही, आणि हरकत अधिसूचनेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यावी लागते. आपल्या आप्तांपैकी ज्यांच्या गटातून अशी वाहिनी जावयाची असेल, त्यांना आजच कळवा, गटनंबर आणि विहिरींच्या नोंदी तलाठ्याकडून तपासून घ्या, आणि हरकत असेल तर ती मुदतीच्या आत दाखल करा.