वीस नंबरची तार, पण कोणता वीस?

अमरावतीच्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आलाय. "व्हिडिओ पाहून चांदीची वीस नंबरची तार आणली, वळवली, अन् हूक कानात जाऊनच नाही राह्यला!"

ताई, चूक तुमची नाही, गडबड नंबरची आहे. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकन गेज धरून बोलतात. त्यात वीस नंबर म्हणजे 0.81 मिलिमीटर. आपल्या बाजारात चालतं ते ब्रिटिश माप, एसडब्ल्यूजी. त्यात वीस म्हणजे 0.91. फरक केसाएवढाच, पण कानाच्या छिद्राला कळतो. अन् खिशालाही! 925 चांदीची मीटरभर तार पहिल्या मापात साधारण 5.3 ग्रॅम भरते, दुसऱ्यात 6.8. चांदी मिळते वजनावर, मग दीड ग्रॅमचे पैसे जास्तीचे गेले ना? म्हणून सराफ्यात गेलं की नंबर सांगूच नका. मिलिमीटर सांगा. हूकला 0.8, मण्याभोवती गुंडाळायला 0.4.

आता शुद्धता. अकोल्याहून पन्नासेक किलोमीटरवर खामगाव, आपली रजतनगरी. तिथली चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली, त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना शुद्धच पाह्यजे असते. पण 999 चांदी लय नरम. गुंडाळायला मस्त, हूक मात्र लगेच वाकतो. हूकला 925 घ्या. त्यात साडेसात टक्के दुसरा धातू असतो, बहुतेक वेळा तांबं, त्यानं ताकद येते. काळी लवकर पडते, ते पुसून घ्यायचं.

जर्मन सिल्व्हर? त्यात चांदी नसतेच बापा! तांबं, जस्त अन् निकेल. निकेलनं काहींचे कान खाजतात, सुजतात. विकायला करत असाल तर गिऱ्हाइकाला आधी सांगा.

अजून एक. तार ओढून बारीक केली की कडक होते. "तापवून नरम करून द्या" असं सोनारदादांना सांगायचं. हूक वळवून झाला की नायलॉनच्या हातोडीनं हलकं ठोका, पुन्हा ताठ होतो.

अन् ताई, ती उरलेली तार टाकू नका. सोनाराकडे छिद्रांची पोलादी पट्टी असते. त्यातून ओढून 0.8 करून मागा. एका मीटरची जवळपास सव्वा मीटर होऊन येईल.